काय विसरायचे, हे संगणकाला कसे कळते?

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. समजा, जून ते सप्टेंबरचे 122 दिवस रोज सकाळी पर्जन्यमापकातले पाणी मोजून आकडा नोंदला, तर 50 वर्षांत एका तालुक्याच्या 6,100 नोंदी होतील. त्यांवरून दिवसाची सरासरी काढायची आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली 'टिफ्रॅक' हा संगणक सुरू झाला. त्याच्या मुख्य स्मृतीत 2,048 खण होते. एका खणात एक नोंद ठेवली, तर एकट्या मुरबाडच्या नोंदीही मावणार नाहीत. पण त्या मावायला हव्यातच कशाला? एकेक नोंद आत घ्यावी, चालू बेरजेत मिळवावी, मोजणी एकाने वाढवावी आणि नोंद सोडून द्यावी. साठवायचे आकडे दोनच. मग नोंदी 6,100 असोत की 61 लाख.

यात काय ठेवायचे नि काय टाकायचे, हे आज्ञावली लिहिणाराच ठरवतो. त्याच 1960 साली अमेरिकेतील जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेवरच्या निबंधात वेगळी वाट दाखवली. लिस्पमधली यादी जोडखणांची असते : एका अर्ध्यात नोंद, दुसऱ्यात पुढच्या जोडखणाचा पत्ता. आपण काय हवे ते गणितातल्या फलनांसारखे मांडायचे. जागा संपत आली, की यंत्रणा पत्त्यांचा माग काढत जाते आणि जिथे पोचता येत नाही ते खण मोकळे करते. हेच 'गार्बेज कलेक्शन'. लिस्पपासून फंक्शनल भाषांची परंपरा सुरू झाली.

1976 मध्ये फ्रीडमन व वाइज आणि हेंडरसन व मॉरिस या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे 'आळशी' पद्धत मांडली. मागितल्याशिवाय यादीचा पुढचा भाग तयारच करायचा नाही! मग एका टोकाला नोंद तयार होते, दुसऱ्या टोकाला ती वापरून संपते आणि पूर्ण यादी एका वेळी कधीच अस्तित्वात नसते. 1990 साली आलेली हॅस्केल भाषा याच पायावर उभी आहे.

मात्र यात एक गोम आहे. आपण फळ्यावर लिहितो : सरासरी म्हणजे बेरीज भागिले संख्या. हे सूत्र जसेच्या तसे संगणकाला दिले, तर बेरीज करताना पूर्ण यादी तयार होते आणि पुढे मोजणीसाठी ती लागणार म्हणून एकही खण सुटत नाही. सूत्र बिनचूक, पण स्मृती भरून जाते. याला 'जागेची गळती' म्हणतात. अशा काही गळत्या गार्बेज कलेक्शनच्या मदतीने बुजवण्याचा उपाय फिलिप वॉडलर यांनी 1987 मध्ये सुचवला.

पवईच्या आयआयटीतील अमिताभ सन्याल, तसेच अमेय करकरे आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नाच्या मुळाला हात घातला. पोचता येते ते सारे पुढे लागतेच का? आपल्या उदाहरणात बेरीज झाल्यावर फक्त मोजणी उरते. त्यासाठी जोडखणांतले पत्ते पुरेत. पावसाचे आकडे नकोत. आज्ञावली आधीच तपासून पुढे काय लागेल हे ओळखायचे आणि तेवढेच राखायचे, ही पद्धत त्यांनी 2014 मध्ये मांडली. आळशी भाषांत कोणते पुढे ढकललेले काम केव्हा होईल, हे आधी सांगणे अवघड. त्यांच्यासाठीचा विस्तार 2016 मध्ये आला. दर वेचणीत जास्त जागा सुटते. पण आधीची तपासणी आणि वेचणीतले जादा कष्ट ही किंमत मोजावी लागते.

वर्गात हे करून पाहता येईल. एका मुलाने पावसाचे आकडे वाचावेत, दुसऱ्याने पाटीवर दोनच आकडे ठेवून सरासरी काढावी. मग सर्वांत मोठा आकडा शोधावा; त्याला एकच जागा पुरते. शेवटी मध्यक विचारावा. आता पाटी का पुरत नाही, याचे उत्तर आपण सांगू नये. ते मुलांनाच शोधू द्यावे.