बोलणारे विनोबा, लिहिणारे साने गुरुजी

वर्ध्याला खेटून असलेल्या नालवाडीत विनोबा भावे 1932च्या अखेरीस राहायला आले. टकळीवर सूत कातून माणसाला पोटापुरते मिळते का, हे त्यांना तिथे स्वतः करून पाहायचे होते. 1934 मध्ये ग्रामसेवा मंडळही तिथेच उभे राहिले. पण नालवाडीला येण्याआधी, 1932 मध्येच, धुळ्याच्या तुरुंगात त्यांच्या हातून, खरे तर तोंडून, एक मोठे काम होऊन गेले होते.

21 फेब्रुवारी ते 19 जून 1932. ओळीने 18 रविवार, गीतेचे 18 अध्याय. विनोबा बोलत, कैदी ऐकत आणि साने गुरुजी लिहून घेत. त्यांनी उतरवलेला तो मजकूरच पुढे ‘गीता प्रवचने’ म्हणून घरोघर पोचला.

या कामाचा आवाका आकड्यांत पाहावा. सरकारी टंकलेखन परीक्षेत मराठीची गती मिनिटाला 30 किंवा 40 शब्द धरतात. लघुलेखकाकडून 100 ते 120ची अपेक्षा असते. सावकाश बोलणाराही मिनिटाला शंभरेक शब्द बोलतो. म्हणजे तासाभराचे सुमारे 6000 शब्द झाले, आणि 30च्या गतीने ते टंकायला 200 मिनिटे लागतील. साध्या लेखणीची गती तर याहून कमी. तरी गुरुजी पुरे पडले, कारण ते नुसते हात चालवत नव्हते. गीता आणि विनोबांची विचार करण्याची तऱ्हा, दोन्ही त्यांच्या ओळखीची होती. वाक्य कुठे वळणार याचा त्यांना अंदाज येत असणार. ज्ञानेश्वरांना सच्चिदानंदबाबा आणि समर्थांना कल्याणस्वामी लेखनिक म्हणून लाभले, त्याच परंपरेतले हे लेखन.

आता ऐकणारे यंत्र आले आहे. 2016 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मोबाइलवर तुलना केली, तेव्हा इंग्रजीत बोलून लिहिणे टंकण्याच्या सुमारे तिप्पट वेगाने झाले. ऑगस्ट 2017 मध्ये गूगलने ही सोय मराठीतही दिली. टंकलेखन न शिकलेल्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

मात्र वाचलेल्या वेळातला बराचसा पूर्णविराम, ऱ्हस्व-दीर्घ आणि परिच्छेद नीट लावण्यात जातो. बोलण्याच्या ओघात मध्येच गीतेचा श्लोक आला, की मराठीवर लावलेले सॉफ्टवेअर अनेकदा त्या उच्चारांच्या जवळचे मराठी शब्द टाकून पुढे जाते, आणि तो श्लोक शेवटी हातानेच टंकावा लागतो.