परळची कुपी आणि प्रयोगशाळेतील जोखीम

रुग्णाच्या नमुन्याची तपासणी जिथे चुकू शकते अशा जागा आधीच हेरून, हानीची तीव्रता व शक्यता तोलून नियंत्रण आखणे, या जोखीमाधारित पद्धतीला अमेरिकेतील सीएलएसआय संस्थेने 2011 मध्ये मार्गदर्शिकेचे रूप दिले. परंतु तिच्यामागील प्रश्न महाराष्ट्रातील प्रयोगशाळेला शतकभर आधीच भिडला होता. 1899 पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्लेगची लस तयार होत असे, आणि ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे तिच्या एकाच कुपीतून टोचलेल्या 19 जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. निर्मितीतून कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. मात्र कुपी उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेल्याचे पुढे ध्यानात आले आणि 1907 मध्ये ते दोषमुक्त झाले. दोष शेवटच्या हाताळणीत असताना निर्मात्याला पाच वर्षे कलंक सोसावा लागला, हा अन्यायच होता.

प्रयोगशाळेतील चूक पकडण्यासाठी 1950 मध्ये लेव्ही व जेनिंग्ज यांनी मोजमापांचे निष्कर्ष आलेखावर मांडण्याची रीत रोगनिदान प्रयोगशाळांत आणली, तरी ती यंत्रावरील चूकच प्रामुख्याने दाखवते. पुण्यातील खराडीसारख्या उपनगरात रक्त एका ठिकाणी घेतले जाऊन दुसरीकडे तपासले जाते, तेव्हा चुकीची चिठ्ठी, वाहतुकीतील उष्णता व विलंब या गोष्टी त्या आलेखाला दिसत नाहीत. आयएसओ 15189 या मानकाची 2022 ची आवृत्ती म्हणूनच नमुना घेण्यापासून अहवालापर्यंतच्या जोखमींचा विचार करायला लावते.