रक्तातला खवटपणा

लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी सोरायसिसचा रुग्ण येतो, तो अंगावरचे चंदेरी पापुद्रे दाखवायला. अभ्यासकांना मात्र त्याच्या रक्तातही काही मोजायचं असतं. पुस्तकी मराठीत त्याला ‘ऑक्सिडीकारक ताण’ म्हणतात. नेवाशाच्या किंवा अकोल्यातल्या शेतकऱ्याला या शब्दांतून काय उमगणार?

ऑक्सिजन हे नाव रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिएचं, १७७७ च्या सुमाराचं. ग्रीक ‘ऑक्सिस’ म्हणजे तीक्ष्ण, आंबट. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, असं त्याला वाटलं. समज खोटा ठरला, नाव टिकलं. आपण त्याला प्राणवायू म्हटलं. मग प्राण देणाराच पेशींना इजा करतो, हे सांगताना जीभ अडखळते.

माझ्या मते नेमका शब्द स्वयंपाकघरातच आहे: खवट. डब्यात राहिलेलं खोबरं, जुनं शेंगदाणा तेल प्राणवायूमुळेच खवट होतं. पेशींच्या आवरणातही स्निग्ध द्रव्य असतं. सोरायसिसने सुजलेल्या कातडीत पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे आक्रमक रेणू सोडतात आणि तिथेही तीच क्रिया घडते. त्यातून मेलॉनडायअल्डिहाइड बनतं आणि रक्तातही उतरतं. थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर तापवलं की ते गुलाबी रंग देतं. दुधाची चरबी किंवा मांस खवट झालंय का, हे याच चाचणीने पाहतात! तेल टिकवणारं ई जीवनसत्त्व रक्तातही तेच राखणीचं काम करतं. तेव्हा इथे ‘खवट’ ही उपमा नाही, शब्दशः वर्णन आहे.

आंबट, तुरट, खारट, कडवट यांच्याच पंगतीतला हा शब्द. खवट घासाने घसा खवखवतो, माशाला खवले असतात. पण ध्वनी जुळला म्हणून मूळ एक ठरत नाही. तरी चरकसंहितेत ‘एककुष्ठ’ या त्वचारोगातली त्वचा माशाच्या खवल्यांसारखी सांगितली आहे, आणि आजचे वैद्य सोरायसिसचं नातं त्याच्याशीच जोडतात. त्यातल्या ‘कुष्ठ’ने मात्र घात केला, ऐकणाऱ्याला तो महारोगच वाटतो. युरोपातही हा आजार महारोगापासून स्पष्टपणे वेगळा काढला तो त्वचारोगतज्ज्ञ हेब्राने, १८४१ मध्ये. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही, हे आजही घरोघरी सांगावं लागतं.

म्हणून ‘रक्त खवट’ म्हणताना मला धास्ती वाटते, कोणी ‘रक्त नासलं’ असं ऐकेल. शिवाय चाचणीतला तो गुलाबी रंग मधुमेहातही गडद होतो, बिडी ओढणाऱ्याच्या रक्तातही होतो. त्यावरून आजार ओळखता येत नाही. डॉक्टर अजून पापुद्रेच निरखतात.