गाउसची सुट्टी आणि मावसभावाचा फोन

परवा रात्री अकरा वाजता मावसभावाचा फोन. "दादा, कॉम्प्युटर इंजिनीयरिंगला जाऊ की संस्कृत घेऊन बी.ए. करू? आई म्हणते तुला विचार." घ्या! दहावीत संस्कृतला ९६ मिळवून त्यानंतर ज्याने ते पुस्तक उघडलं नाही, त्यालाच विचारा. "रविवारी सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. मग आठवला गाउस.

कार्ल फ्रिडरिश गाउस, जन्म १७७७, जर्मनीतलं ब्राउनश्वाइग. घरची गरिबी, वडील मिळेल ती कामं करणारे. पोराची हुशारी बघून तिथल्या ड्यूकने शिक्षणाचा खर्च उचलला. १७९५ च्या ऑक्टोबरात गाउस ग्योटिंगेनच्या विद्यापीठात आला तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा होत्या : ग्रीक-लॅटिनचा अभ्यास किंवा गणित. आज आपल्याला हसू येईल, पण तेव्हा पारडं भाषांकडे झुकावं अशीच स्थिती होती. तिथले भाषांचे प्राध्यापक हाइन मोठे नामांकित. गणिताचे केस्टनर मात्र वयस्क, आणि गाउसवर त्यांची काही छाप पडली नाही. पहिल्या सत्रात त्याने लायब्ररीतून नेलेली बरीचशी पुस्तकंही गणिताबाहेरचीच. (चांगला मास्तर मिळाला की विषय आवडतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नकोच.)

मग आली १७९६ ची सुट्टी. गाउस घरी होता. प्रश्न जुनाच : फक्त पट्टी आणि कंपास वापरून कोणत्या सुसम बहुभुजाकृती काढता येतात? ३, ४, ५, १५ आणि त्यांच्या दुपटी ग्रीकांना येत होत्या. त्यानंतर दोन हजार वर्षं त्यात एकाचीही भर नाही. गाउसने दाखवलं की १७ बाजूंची आकृती काढता येते. त्याने भूमितीचा प्रश्न बीजगणितात नेला आणि १७ साठी लागणारी लांबी नुसत्या वर्गमुळांनी मिळते हे सिद्ध केलं. वर्गमूळ म्हणजे पट्टी-कंपासच्या आवाक्यातली गोष्ट. पुढे एका पत्रात त्याने लिहिलंय की हे त्याला सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी सुचलं! ३० मार्च १७९६ ला त्याने डायरी सुरू केली, तिची पहिली नोंद हीच. वय वर्षं १८. तिथे निर्णय झाला : गणित.

गोष्ट इथेच संपवली तर ती पोस्टरवर छापायच्या लायकीची होते. मला तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात.

एक, ते अंथरुणातलं सुचणं आभाळातून पडलं नव्हतं. कुणी सांगितलं नसताना तो त्या प्रश्नाशी आधीपासून झटत होता. निर्णय नंतर झाला, काम आधीच चालू होतं.

दोन, सोडलेला विषय सुटला नाही. ती डायरी लॅटिनमध्ये आहे, १८०१ चा त्याचा अंकशास्त्रावरचा मोठा ग्रंथही लॅटिनमध्येच. आणि साठी ओलांडल्यावर हा गृहस्थ रशियन शिकला.

तीन, पोटाचा प्रश्न वेगळाच राहिला. १८०६ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत ड्यूक जखमी होऊन वारला, आधार गेला. १८०७ मध्ये गाउसने नोकरी धरली ती ग्योटिंगेनच्या वेधशाळेत. आवड गणिताची, पगार ताऱ्यांचा. आपल्याकडे ड्यूक नसतो, मावशीचा पगार असतो. त्यामुळे "स्कोप"चा प्रश्न विचारणाऱ्या मावशीवर चिडायचा हक्क आपल्याला नाही.

तर आज सकाळी भावाला फोन केला. म्हटलं, "कुठे स्कोप आहे ते नंतर बघू. गेल्या सुट्टीत कुणी न सांगता काय केलंस?" बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "सांगतो, पण आईला सांगू नकोस."

ते इथे लिहीत नाही. पण फोन ठेवल्यावर तोच प्रश्न स्वतःला विचारला. बारावीच्या त्या सुट्टीत मी काय केलं होतं? एन्ट्रन्सचे पेपर सोडवले, कारण सांगितलं होतं. आणि रात्री सगळे झोपल्यावर सुभाषितांना चाली लावत बसायचो.

नोकरी सोडणार नाहीये, घाबरू नका. पण माळ्यावरचं ते पुस्तक खाली काढलंय. रशियन शिकायला गाउसने साठी उलटू दिली, माझी तर अजून तिशीही झाली नाही.