आधी चोर, मग पोलीस : अँटिव्हायरसची गोष्ट

फोन स्लो झाला की आपण पटकन म्हणतो, "व्हायरस शिरला वाटतं!" आज मी सांगणारे त्या व्हायरसच्या मागे धावणाऱ्यांचा इतिहास.

सुरुवात १९७१ ची. अमेरिकेत अर्पानेट होतं, म्हणजे इंटरनेटचा पूर्वज. त्यावर बॉब थॉमस यांनी 'क्रीपर' सोडला. हा प्रोग्राम एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायचा आणि 'पकडून दाखवा' असा निरोप द्यायचा. बस्स, नुकसान काही नाही. त्याला पुसायला रे टॉमलिन्सन यांनी 'रीपर' लिहिला. हो, ईमेलवाले टॉमलिन्सन!

मग १९८६, लाहोर. दोन भावांनी 'ब्रेन' व्हायरस बनवला आणि गंमत बघा, त्यात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबरही टाकला! फ्लॉपीवरून तो जगभर गेला. पुढच्याच वर्षी जॉन मॅकॅफी अँटिव्हायरसच्या धंद्यात उतरले.

आपल्या पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे व्हायरस लागलेले कॉम्प्युटर यायला लागले, तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच उभं राहिलं 'क्विक हील'.

आता हे चालायचं कसं? पोलीस ठाण्यात गुन्हेगारांचे फोटो लावतात ना, तसं. प्रत्येक व्हायरसच्या कोडचा एक तुकडा, म्हणजे 'सिग्नेचर', यादीत ठेवायचा आणि फाइलशी ताडून बघायचा. पण १९९० मध्ये दर वेळी रूप बदलणारे व्हायरस आले. मग नुसता चेहरा बघून भागेना. फाइल वागते कशी, हेही बघावं लागलं. तरी मला वाटतं, एक गोष्ट बदलली नाही: चोर पुढे, पोलीस मागे.

आणि आपला फोन? त्यात प्रत्येक ॲपला वेगळी खोली असते, दुसऱ्याच्या खोलीत सहज शिरता येत नाही. म्हणून आजचा चोर कुलूप तोडत बसत नाही, तुमच्याकडूनच दार उघडून घेतो. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' म्हणून एपीके फाइल येते. तुम्ही ती इन्स्टॉल करता, एसएमएस वाचायची परवानगी देता आणि बँकेचा ओटीपी थेट त्याच्या हातात!

अँटिव्हायरस धोक्याची सूचना देईल. पण 'अलाउ'वर बोट तुमचंच असतं. तेवढं जपा. भेटू पुढच्या भागात!