कंडोम, शंका आणि तपासणी

१९२७ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले, तेव्हा गुप्तरोग पापाचा दंड मानला जाई. कर्व्यांच्या लेखी तो केवळ रोग होता, टाळता येण्याजोगा. १९८६ मध्ये चेन्नईत एचआयव्ही आढळला आणि जुनी लाज नव्या आजाराला चिकटली. म्हणूनच कंडोम शाबूत राहूनही मन शंकेने पोखरते; वस्तुतः तेव्हा धोका अत्यल्प असतो. (तो फाटलाच, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावे.) लागण झाली तरी ती तपासणीत दिसण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा अहवाल निरर्थक, तीन महिन्यांनंतरचा निर्णायक. त्यासाठी यवतमाळकराने तोंड लपवून नागपूर गाठण्याचे कारण नाही: शासकीय रुग्णालयातील समुपदेशन केंद्रात तपासणी निःशुल्क होते आणि २०१७ च्या कायद्याने तिचा निकाल गुप्त राखणे बंधनकारक आहे.