अंगावरून गेलेलं वारं

मुरबाडच्या एसटी स्टँडवर किंवा आसनगाव स्टेशनाबाहेर कुणाची विचारपूस चाललेली असली, की एक वाक्य कधी ना कधी कानावर येतं : "म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं गेलं." डॉक्टरांच्या कागदावर त्याला स्ट्रोक लिहिलेलं असतं, आरोग्य खात्याच्या फलकावर पक्षाघात, वर्तमानपत्रात अर्धांगवायू. लकवा हा शब्दही आहे, पण तो फायलीवर सही न करणाऱ्या पुढाऱ्याच्या हातासाठीही वापरला गेलाय. घरच्या माणसाबद्दल बोलताना मात्र वारं. मऊ शब्द आहे. वारं गेलं म्हणजे ते मुक्कामाला राहिलं नाही, असा थोडा धीरही त्यात असावा.

हे वारं आलं कुठून? थेट आयुर्वेदातून. चरक आणि सुश्रुत दोघांनीही हा आजार वातव्याधींत घातला. सुश्रुत सांगतो, की भडकलेला वायू धमन्यांत शिरतो, एका बाजूच्या सांध्यांचे बंध सैल करतो आणि ती बाजू मारतो. त्या जागी वायूला त्याने 'मातरिश्वा' म्हटलंय. हे वेदांतलं भारदस्त नाव. पक्ष म्हणजे बाजू, आणि पक्ष म्हणजे पंखही. पक्षाघात हा शब्द उच्चारताना एक पंख लुळा पडलेलं पाखरू मला दरवेळी दिसतं. लकव्यावर पारव्याचं रक्त चोळायचा जो उपाय आपल्याकडे ऐकायला मिळतो, त्याचा या पंखाशी संबंध जोडायचा मोह होतो, पण तो माझ्याच डोक्यातला खेळ.

शास्त्रातला वात शरीराच्या आतला. लोकांनी त्याला खाली आणताना बाहेरचा केला. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, वारली, महादेव कोळी पाड्यांवर वारं आणखी एका अर्थाने ओळखीचं आहे : ते अंगात येतं. अंगात आलं की देव बोलतो. अंगावरून गेलं की माणसाची बोलती बंद. वारं एकच असेल, तर पहिली फेरी भगताकडे होते यात अडाणीपणा कमी आणि व्याकरण जास्त आहे.

पश्चिमेकडच्यांनीही बाहेरच बोट दाखवलं. ग्रीकांचा 'अपोप्लेक्सी' म्हणजे फटका मारून पाडणं. इंग्रजांचा 'स्ट्रोक' म्हणजेही फटकाच, आणि तो देवाच्या हातचा. आपला 'आघात' त्याच जातीचा. अरबी-फारसी वैद्यकातला 'लक्वा' मुळात फक्त तोंड वाकडं होण्याचं नाव होता. अर्ध्या अंगाच्या आजाराला तिथे 'फालिज' हा वेगळा शब्द आहे. लकवा आपल्याकडे येताना तोंडावरून उतरून सगळ्या अंगभर पसरला.

डोक्याकडे नीट पाहिलं ते योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने. या आजाराने मेलेल्या रोग्यांचे मेंदू उघडून त्याने १६५८ साली लिहून ठेवलं, की आत रक्तस्राव झालेला होता. रक्तवाहिनी तुंबूनही हेच होतं, आणि तुंबण्याचं प्रमाण फुटण्यापेक्षा बरंच जास्त आहे. उजवा हात पडला तर बिघाड मेंदूच्या डाव्या भागात. हातात काही बिघडलेलं नसतं. त्याला हुकूम देणारी जागा बंद पडलेली असते.

शब्दाची ताकद इथे कळते. वारं म्हटलं की पुन्हा वारं लागू नये म्हणून खिडक्या बंद, अंगावर गोधडी, तेल, शेक, आणि कुणीतरी सांगितलेल्या गावचं औषध. मालीश वाईट नाही. माणसाला बरं वाटतं, कातडी जागी राहते. पण मालीश चालू असताना काम करतो तो चोळणाऱ्याचा हात. मेंदूचा शाबूत भाग नवं काम शिकतो ते हालचाल स्वतः, शेकडो वेळा, करून पाहिली की. त्यात उचलताना लुळ्या हाताला धरून ओढायची आपली सवय. सैल पडलेला खांदा त्याने आणखी निसटतो आणि जन्माचं दुखणं लागतं.

आता या स्वतः करायच्या व्यायामाचं कूळ. आपल्या भागात ते म्हाताऱ्यांसाठी आलंच नाही, आलं पोलिओच्या मुलांसाठी. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला तेव्हा फातिमा इस्माईल यांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अशा मुलांवरच्या उपचारांची सोय उभी केली. १९५० साली कमला निंबकर यांनी केईएम रुग्णालयात भारतातली पहिली व्यवसायोपचाराची शाळा काढली. या मूळच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकेतल्या क्वेकर घरातल्या. फलटणचे बनबिहारी निंबकर त्यांचे चिरंजीव, आणि इरावती कर्व्यांची लेक जाई त्यांची सून. मराठी वाचकाला ओळख पटायला एवढं पुरे. पाठोपाठ जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएममध्येच फिजिओथेरपीची शाळा आली. सरकारी मराठीत या उपचाराला भौतिकोपचार म्हणतात. गावात म्हणतात 'करंट लावायला जातो'. यंत्र लागलं म्हणजे इलाज झाला, ही समजूत वाऱ्याइतकीच चिवट आहे.

या सगळ्याला सरकारी शब्द आहे पुनर्वसन. पण शहापुरात तो उच्चारून पाहा. लोक भातसा धरणाबद्दल बोलू लागतील. मुरबाडला बारवीबद्दल. ज्यांची घरं मुंबई-ठाण्याच्या पाण्यासाठी गेली, त्यांच्यापाशी हा शब्द आधीच खर्ची पडलाय. तरी मला तो पटतो. हातपाय आपलेच, पण त्यांत पुन्हा वस्ती करायची आहे.

ही वस्ती कशी मोजायची, ते पुस्तकात नसतं. शहरातल्या रोग्याला खुर्चीवरून उठवतात, जिन्यावर चढवतात. इथल्या बाईला उकिडवं बसता आलं पाहिजे, चुलीपुढे आणि शौचालाही. शेताच्या बांधावरून चालता आलं पाहिजे. भाताच्या आवणीला वाकता आलं तर सोन्याहून पिवळं. साधनंही इथलीच : अंगणात कमरेएवढ्या उंचीवर बांधलेले दोन आडवे बांबू, मधे चालायची वाट. सुपातले तांदूळ निवडणं बोटांसाठी, भाकरी थापणं मनगटासाठी. बोटं-मनगट थोडं हलू लागलं, की रोज काही तास चांगला हात अडकवून ठेवून कच्च्याकडूनच काम करून घ्यायची एक पद्धत आहे. ती फिजिओला विचारूनच करावी. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, त्याला पैसा लागत नाही, घरात जागं माणूस लागतं.

म्हणून 'वारं गेलं' म्हणणाऱ्याचा शब्द सुधारत बसू नका. "किती वाजता गेलं?" एवढं विचारा. तोंड वाकडं, हात गळालेला किंवा बोलणं अडखळलेलं असेल तर लगेच १०८ ला फोन लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. वेळ टळली असली तरी दवाखाना टाळू नका. आणि घरी परत आणलं असेल, तर दुसरा प्रश्न : "आज त्या हाताने काय काय केलं?"